थांबली की बंद पडायची

आमच्या ह्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यापासूनच सुरू होतं. ह्यांच्या गावच्या, टेंभुर्णीच्या बारवेच्या पाण्यात त्या काळी नारू असायचा; न गाळता प्यायलं की तो किडा दोऱ्यासारखा अंगातून बाहेर निघायचा. लग्नाआधी ह्यांच्या गुडघ्याजवळ नारू निघाला, कोणीतरी घाईनं ओढला आणि तो आतच तुटला. कित्येक महिने खाटेवर काढून उठले तेव्हा पाय काठीसारखा ताठ झालेला. मला बघायला आले तेव्हा हे बैलगाडीतून खाली उतरलेच नाहीत, गाडीत बसूनच पसंती सांगितली. माझ्या माहेरच्यांना वाटलं, मुलगा मोठा रुबाबदार आहे. रुबाब कसला, उतरायची पंचाईत होती.

लग्नानंतर आम्ही जालन्यात मस्तगडाला एका खोलीत बिऱ्हाड केलं. पुढे थोडं अंगण, अंगणाला ओटा. हे एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचे. बसून करायचं काम म्हणून मिळालेलं. पण बसणं ह्या माणसाला मानवलं नाही. कुणब्याच्या घरचा जीव, त्याला कापसाच्या गाठी नकोत, शेतातली उभी पराटी बघायची असायची. संध्याकाळी घरी आले की भिंतीला टेकून पाय लांब करायचे आणि म्हणायचे, "आज बी रान न्हाई बघितलं." मला पहिल्यांदा हसू यायचं, मग राग यायचा, आणि मग काहीच येईनासं झालं.

जिनिंगचा एक माणूस दर हंगामाआधी गावोगाव फिरून उभं पीक बघून यायचा. कुठं बोंड चांगलं आहे, कुठं किडलंय, कोणाचा माल घ्यायचा, हे तो ठरवायचा. तो माणूस थकून घरी बसला आणि ह्यांनी ती जागा मागितली. मॅनेजरने ह्यांच्या पायाकडे बघितलं. घोड्यावर बसता येतं का, म्हणाला. हे म्हणाले, न्हाई. बैलगाडीनं गेलात तर तुम्ही पोचेपर्यंत कापूस वेचून होईल, म्हणाला. ते खरंच होतं. मग टाळायचं म्हणूनच असेल, त्याने शेडकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी विलायतेला परत गेलेल्या गोऱ्या साहेबाची फटफटी धूळ खात उभी होती. ती दुरुस्त करा, एकट्याने फिरवून दाखवा, जागा तुमची. पण एकट्याने. सोबत दुसऱ्या माणसाचा खर्च जिनिंग करणार नाही.

दोन हमालांकडून ढकलवत हे ती फटफटी घरी घेऊन आले. मी पीठ चाळत होते. आनंदाने म्हणाले, "अगं, हे बघ माझं तट्टू!" मला पहिल्या दिवसापासून त्या तट्टाचा भरवसा नव्हता. टाकीला पोचे, सीटची स्प्रिंग एका बाजूने बसलेली, आणि सगळीकडून तेलाचा वास.

पण एक कबूल करायला हवं. ती फटफटी जणू ह्यांच्या पायासाठीच केलेली होती. गिअर हाताचा, टाकीच्या उजव्या अंगाला. ब्रेक डाव्या पायाला. उजवा पाय नुसता पुढे लांब करून ठेवायचा, त्याला कामच नाही. काम एकच, चालू करताना किक मारायची. आणि किक उजवीकडेच. ताठ पायाने किक कशी मारणार? तेव्हा ठरलं असं की सकाळी मी मागून ढकलायचं, गाडी चालू झाली की हे निघणार, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ती बंद होऊच द्यायची नाही. हे शेतात उतरतील, पराटी बघतील, तोवर फटफटीने बांधावर जागच्या जागी हळूहळू चालत राहायचं. गावात चार माणसं मिळतात ढकलायला, पण कापूस काही वेशीत उगवत नाही. भर दुपारी रानात बंद पडली तर हे तिथेच.

आणि फटफटी नेमकं तेवढंच करत नव्हती. ढकलली की चालू व्हायची, रेस दिली की गल्ली दणाणून सोडायची. पण हात सैल केला, की दोनदा फटफट, एकदा फुस, आणि गप्प.

ढकलायचं काम माझं. कासोटा खोचून, पदर कमरेला बांधून मी अंगणातून गल्लीच्या तोंडापर्यंत फटफटी ढकलायची. ती बंद पडली की उलट ढकलत आणायची. शेजारच्या बायका पाणी भरायचं सोडून बघत राहायच्या. एक म्हणाली, "नवऱ्यानं बैल इकला आन बाईला जुपलं का काय?" मी म्हटलं, "बैलाला दाणा तरी मिळतो, मावशी." हसल्या सगळ्या. हे हसले नाहीत. हँडल धरून खाली मान घालून बसले होते. त्यांना माझ्या ढकलण्याची लाज वाटायची, हे मला तेव्हा कळलं.

स्टेशनजवळ मोटारगाड्यांवर काम करणारा एक ड्रायव्हर होता. त्याला यंत्रातलं किती कळायचं देव जाणे, पण बोलायला मात्र तो तीन मिस्त्र्यांना भारी. त्याने कार्बोरेटर म्हणजे काय ते आम्हाला शिकवलं. पेरूएवढा पितळी ठोकळा. त्यात टाकीतलं पेट्रोल आणि बाहेरची हवा मिसळायची आणि इंजिनात जायची. गाडी जोरात असली की मोठ्या भोकातून पेट्रोल जायचं. जागेवर चालायची असली की एका इतक्या बारीक छिद्रातून, की त्यात सुईसुद्धा जाणार नाही. त्याने प्लग काढून बघितला, काळा होता. "ज्यादा पी रही है," म्हणाला आणि हवेचा स्क्रू फिरवला. दुसऱ्या दिवशी प्लग पांढराफटक. "अब भूकी मर रही है," म्हणाला आणि स्क्रू उलटा फिरवला. दोन्ही वेळा फटफटी त्याच जागी, तशीच बंद पडली.

मग त्याने वेगळा उपाय केला. हात सोडला तरी रेस पुरती खाली येणारच नाही, असा रेसचा खिळा वर चढवून ठेवला. फटफटी बंद पडेना, पण उभ्या उभ्या नाचायला लागली. अंगणभर थरथरत पुढे सरकायची, इंजिन इतकं तापायचं की जवळ उभं राहवत नव्हतं. ह्यांनी हौसेने गिअर टाकला. फटफटी उसळली, हे पडले, आणि ताठ पाय फटफटीखाली. तो वाकत नाही म्हणून लवकर ओढताही येईना. मी आणि ड्रायव्हरने मिळून फटफटी उचलली. हे पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, "बंद तर न्हाई झाली ना?" मी संतापून म्हटलं, "तुम्ही बंद झाला असता!" पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. खिळा पुन्हा खाली घ्यावा लागला आणि आम्ही होतो तिथेच आलो.

आता गाळण्याची गोष्ट. पाय गेल्यापासून ह्यांना गाळण्याचा एक ध्यास लागलेला. पाणी तर दुहेरी फडक्यातून गाळायचंच, पण दूध गाळायचं, तेल गाळायचं, काकवीसुद्धा गाळायची. लढाई संपली तरी पेट्रोल परवान्यावरच मिळायचं, डब्यातून यायचं, डब्याच्या तळाशी गाळ असायचा. हे म्हणाले, "गाळल्याबिगर टाकीत थेंब जाणार न्हाई." मग जुन्या मऊ धोतराची घडी करायची, मी डबा ओतायचा आणि ह्यांनी घडी धरायची. घडी जितकी जुनी आणि मऊ तितकी चांगली, असं त्यांचं मत. पाण्याला तीच रीत होती, आणि आमच्याकडे पाण्यापेक्षा मोठी रीत कुठली?

एका सकाळी ड्रायव्हर आलाच नाही. हे म्हणाले, "तुझी बोटं बारीक हायेत. तू खोल." मी चुलीपुढून उठून परातीत कार्बोरेटर खोलला. तळाच्या वाटीत पेट्रोलवर काहीतरी पांढरं तरंगत होतं. बोटाने उचललं तर कापूस. आणि त्या बारीक छिद्राच्या तोंडावर रुईचा एक चिमुकला बोळा गच्च बसलेला. जिनिंगच्या अंगणात वाऱ्याने उडते तशीच रुई. मला आधी वाटलं, जिनिंगच्या शेडमधूनच आली असेल. मग माझी नजर दोरीवर वाळत घातलेल्या धोतराकडे गेली. जुनं धोतर ओलं झालं की तंतू सोडतं. आम्ही दर वेळी प्रेमाने गाळून गाळून फटफटीच्या घशात कापूस भरत होतो.

मी बोळा ह्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी उकलून बघितला. मग म्हणाले, "पाणी न्हाई गाळलं तर पाय गेला. पेट्रोल गाळलं तर फटफटी गेली. मंग माणसानं करावं तरी काय?" मी परात उचलून आत ठेवली.

ड्रायव्हरला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून हसला. पेट्रोल पातळ चामड्यातून गाळतात म्हणाला, आणि हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, असंही म्हणाला. छिद्र तर साफ करायला हवं होतं. तारेने करायला गेलं तर ते मोठं होईल. मग टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केस आणला आणि तो आरपार ओवला. केस पलीकडून निघाला तेव्हा हे लहान पोरासारखे टाळी वाजवून उठले.

फटफटी त्या दिवशी जागेवर चालली. पण दमेकऱ्यासारखी. वर चढायची, खाली यायची, पुन्हा वर. कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो त्या सांध्यावर ड्रायव्हरने तेलाचा थेंब सोडला तर तो थेंब आत ओढला गेला. "इधर से हवा खा रही है," म्हणाला. तिथलं पॅकिंग कुजून गेलं होतं, आणि त्या गाडीचं पॅकिंग जालन्यात काय, औरंगाबादलाही मिळालं नाही. पुठ्ठा कापून घातला, तो पेट्रोलने भिजून सुटला. साबण लावला, तो वितळला. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, उडदाच्या पिठात चुना घाला आणि लेप द्या. चुन्यात उडीद घालून विहिरी बांधतात, त्या ढळत नाहीत, मग एवढासा सांधा काय. आम्हाला ते पटलं. मी उडीद दळले, वस्त्रगाळ केले, ह्यांनी लेपावर लेप दिले आणि उन्हात वाळवले.

लेप वाळला आणि फटफटी जागेवर चालायला लागली. खरंच चालायला लागली. रेस सोडली तरी फट, फट, फट, एकसारखी, म्हातारी माणसं पान कुटतात तशी. हे फटफटीवरून उतरले, अंगणाच्या टोकापर्यंत लंगडत गेले, मागे वळून बघितलं. फटफटी चालूच. परत आले, तिला हात लावला, पुन्हा टोकापर्यंत गेले. मी चहा केला. आम्ही दोघं ओट्यावर बसून चहा प्यायलो आणि समोर फटफटी त्यांची वाट बघत उभी होती. माझा त्या यंत्रावर कधी भरवसा नव्हता, पण त्या संध्याकाळी मीसुद्धा फसले. मला वाटलं, सुटलो.

मॅनेजरने लगेच दिवस ठरवून दिला. टेंभुर्णीपर्यंत जायचं, वाटेतल्या गावांचा कापूस बघायचा आणि त्याच दिवशी परत यायचं. टेंभुर्णीला माझ्या सासूबाई राहायच्या, धाकट्या दिरांकडे. पाय गेल्यापासून हे गावी गेले की कोणाच्या तरी गाडीत, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उतरायचे, आणि सासूबाई प्रत्येक वेळी तोंडाला पदर लावायच्या. म्हणून बाजाराला आलेल्या गावच्या एका माणसाजवळ ह्यांनी निरोप धाडला. "आईला सांग, मी एकटा येऊन राह्यलो. संगं कोणी न्हाई. म्हणावं येशीत उभी राहा आन बघ."

त्या सकाळी मी ह्यांच्या तोंडावर धुळीसाठी उपरणं घट्ट बांधलं. साहेबाचा जुना चष्मा मॅनेजरने दिला होता, तो त्यांनी लावला. नुसतं नाक दिसत होतं. मी म्हटलं, "ओळखू येत नाही हो तुम्ही." ते आतून हसले असावेत. मी ढकललं, फटफटी चालू झाली आणि हे गेले.

दिवस कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा गल्लीत आवाज आला. मी तांब्या घेऊन दारात धावले. हे आले आणि माझ्यासमोरून तसेच पुढे गेले. जाता जाता ओरडले, "थांबता येईना!"

मस्तगडाच्या गढीला वळसा घालून ते पुन्हा आले. या वेळी हळू, पहिल्या गिअरात, रेस धरून. गिअर काढायचा तर उजवा हात रेसवरून उचलावा लागायचा, आणि क्लच इतका बिघडला होता की दाबून धरला तरी गाडी पुढे ओढायची. मी बाजूने चालायला लागले. त्यांचे ओठ फुटले होते. तांब्या तोंडाला लावला, अर्धं पाणी छातीवर सांडलं.

"बंद करा हो आता. घर आलंय."

"बंद केली का संपलं. चालू हाये तवर मी गेल्तो आन आलो. बंद केली का मंग मॅनेजर इचारील ना, काय बघितलं?"

"काय बघितलं?"

त्यांनी रेस वाढवली. पुन्हा गढीकडे वळले. गल्लीतली माणसं बाहेर आली होती. आधी हसली. मग हे पुन्हा आले, पुन्हा गेले, तेव्हा हसणं थांबलं. ज्या मावशीने मला बैल म्हटलं होतं, तिने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि भरून आणून दिला. मी प्रत्येक फेरीला बाजूने चालत राहिले. दुसरं काय करणार होते? शेवटी आमच्या दारापासून थोडं पुढे पेट्रोल संपलं. फटफटी दोनदा फटफट करून गप्प झाली. हे तसेच बसून राहिले. मी वाकले, त्यांचा ताठ पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पलीकडून फिरवून खाली ठेवला.

घरात आल्यावर त्यांनी सांगितलं. पहिल्याच गावाच्या शिवारात उतरायला म्हणून रेस सोडली आणि फटफटी बंद. सांध्याकडे बघितलं तर उडदाचा लेप तापून पापडासारखा कडक झालेला, हात लावताच तुकडे पडले. भर रानात कोणी नाही. फार वेळाने गुराखी भेटले, त्यांनी ढकलून दिलं. त्यानंतर हे कुठेच थांबले नाहीत. एकेक गाव येत गेलं, दोन्हीकडे पराटी, बोंडं फुटायला आलेली, आणि हे मान वळवून बघत सुसाट पुढे. न बघता परत यावं तर घरी तोंड काय दाखवायचं, म्हणून ठरलेल्या वाटेने शेवटपर्यंत गेले.

"आणि टेंभुर्णी?" मी विचारलं.

"आई येशीत उभी होती. हातात भाकरतुकडा आन पाणी, ओवाळून टाकायला. अर्धं गाव गोळा झाल्तं. हळू केली तर फटफटी मरून राह्यली. तिच्या डोळ्यांपुढं बंद पडली असती, चार जणांनी धरून उतरवलं असतं, मागून ढकललं असतं." त्यांनी उजवी मूठ वळवून दाखवली. "मी रेस दिली."

हे त्या वेळी रडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. मला त्या फटफटीचा, त्या मॅनेजरचा, त्या विहिरी बांधणाऱ्या उडदाचा इतका राग आला की मी हातातली थाळी आपटली. उपयोग काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मॅनेजरला खरं ते सांगितलं. जागा एका घोडेवाल्याला मिळाली. हमाल येऊन फटफटी शेडमध्ये परत घेऊन गेले आणि हे काट्यावर बसायला लागले. पुढच्या बाजारी गावचा तो माणूस आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि जरा रागानेच बोलला.

"मालक, तुम्ही आला न्हाई. म्हातारी गुरं घरला येईस्तोवर येशीत उभी होती. हलंना बिलकुल. एक सायेब फटफटीवर गेला म्हणं धूळ उडवीत. त्याला हात केला तिनं. माझं पोरगं मागं कुठं दिसलं का, इचारायचं होतं तिला. तो थांबलाच न्हाई." त्याने पागोट्याने तोंड पुसलं. "आता मी तिला जाऊन काय सांगू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या लांब केलेल्या पायावरून हात फिरवत होते.

"सांग," हे म्हणाले, "मी घरून निघालोच न्हाई म्हणावं."